पुलापलीकडची शहाळी

आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं नेऊ नका, असं मी बाजारात भाजी विकता विकता लोकांना सांगत असते. लोक ऐकतात, मान हलवतात, पिशवीत मेथी कोंबतात आणि माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या गाडीवरून शहाळं घेऊन दवाखान्याच्या रस्त्याला लागतात. मग माझं डोकं फिरतं. मी मागून ओरडते, "अव बाई, किडनीचा पेशंट असन त मारसान त्याले!" बाई वळून बघते, आणि ही भाजीवाली येडी आहे असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं असतं. असू दे. माझं तोंड पहिल्यापासून फाटकंच आहे. आधी ते भाजीच्या भावावरून वाजायचं, आता यावरून वाजतं.

एक आधीच सांगून टाकते. बोलताना मी वऱ्हाडीच बोलते, पण लिहायला बसलं की शाळेत शिकलेली मराठी आपोआप येते. दोन्हींची सरमिसळ होईल. ती मी निवडत बसणार नाही, निवडायला घरात पालक भरपूर आहे.

आमचा मळा अडाण नदीच्या अलीकडे, गावाला लागून. पालक, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, वांगे, टमाटर. तोडायचं मी आणि विकायचंही मीच. ओलित, म्हणजे पिकाला पाणी देणं, मात्र माझ्या नवऱ्याचं. सकाळपासून हे फावडं घेऊन पाण्यात उभे. एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं, पाणी पुढे सरकलं की आपण पुढे सरकायचं. पायाची बोटं कायम पांढरीफट्ट, भिजलेली. लग्नात मला वाटलं होतं या माणसाच्या अंगाला चिखलाचा वास येतो. पुढे तो वास आला नाही की मला करमायचं नाही.

त्यांना बीपी होतं. आहे म्हणून सांगितलेलं होतं, गोळ्या दिलेल्या होत्या. पण डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कायले खायची, असं म्हणत यांनी ते अंगावर काढलं. पाय सुजले, तोंड सुजलं, तेव्हा वाशीमला नेलं, तर दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं, जन्मभर. यांनी विचारलं, "जन्मभर म्हणजे किती?" डॉक्टर हसले नाहीत.

मशीनच्या सुया टोचायला यांच्या डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून मोठी केली होती. तिच्यावर तळवा ठेवला की आत घरघर लागायची, विहिरीवरच्या मोटरीसारखी. ती घरघर थांबता कामा नये, असं आम्हाला बजावलेलं. म्हणून सकाळी उठल्या उठल्या मी आधी यांचा हात धरायचे आणि मग चूल पेटवायचे. हे म्हणायचे, "चालू आहे व मोटर, कायले भेतं?"

पथ्य समजावून सांगणारी एक तरुण बाई तिथे होती. तिनं मला समोर बसवलं आणि एकेक सांगत गेली. संत्रं नाही, केळ नाही, टमाटर जपून. पालेभाजी आधी उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं, मग फोडणी. आणि नारळपाणी तर अजिबात नाही. मी म्हटलं, "अव ताई, नारळपाणी त आजाऱ्यालेच देतेत." ती म्हणाली, "त्यानंच तर घोटाळा होतो, काकू. नारळपाण्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. आपली किडनी तो बाहेर टाकते. यांची टाकत नाही. तो रक्तात चढला की हृदय बंद पडतं. सांगून नाही पडत." मग तिनं पाण्याचं सांगितलं. एक छोटा पेला दाखवला, बोटांवर मोजून म्हणाली, असे इतकेच, दिवसभरात, चहा-वरण धरून. हे मागे उभे होते. म्हणाले, "बाई, इतकं त मी वाफ्यात सांडतो."

पोटभर पाणी न देणं हे काम तुम्ही कोणी केलंय का? मी केलं. घरातला माठ उचलून मी शेजारणीकडे ठेवला. मळ्यात हे पाण्यात उभे, गुडघ्यापर्यंत पाणी, आणि मी बांधावर बसून यांच्या हाताकडे बघत. ओंजळ भरून तोंडावर मारायचे, तेव्हा माझे डोळे यांच्या गळ्यावर. गळ्याची घाटी वरखाली झाली की मी ओरडलेच. "मी नाही पेलो व!" "पेले! म्या पाह्यलं!" आजूबाजूच्या मळ्यातली माणसं हसायची. "भाऊ, वहिनीनं पहारा बसवला काय?" मग हेही हसायचे. पण ओठ असे फुटलेले असायचे, की हसताना रक्त यायचं.

एकदा यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पिंपातून पाणी घेऊन घटाघटा पीत होते, विसरून, यांच्यासमोर. त्या दिवसापासून मी यांच्या पाठीमागे जाऊन पाणी पीत असे. आपल्याच घरात चोरासारखं.

आता दौडीचं सांगते.

नदीवर आधी नुसता रपटा होता. पावसाळ्यात पाणी वरून जायचं आणि आम्ही अलीकडचे अलीकडेच. वाशीमचा रस्ता पलीकडे. पाणी उतरायची वाट बघता बघता अलीकडच्या काठावर माणसं गेलेली आहेत. मग उंच पूल झाला, तर शाळेतले एक सर म्हणाले, पूल झाला, पण पुलावरून पेशंट नेणार कशात? त्यांनी पोरं गोळा केली आणि दौड सुरू केली. संक्रांत झाली की एका रविवारी, थंडीत. कामरगाव, धनज, इंझोरी, कुठून कुठून जीपा भरून माणसं येतात. पोरं लांब पळतात, आमच्यासारखे पूल चालून जातात. जो पैसा जमतो तो गाडीला लागतो. ही गाडी मशीनवरच्या पेशंटना वाशीमला नेते आणि आणते. त्या गाडीनंच माझ्या नवऱ्याला नेलं, आणलं. ते मी विसरत नाही. रागातही विसरले नाही.

या दौडीची एक रीत पडून गेली आहे. सगळ्यांच्या आधी एका पेशंटनं पूल ओलांडायचा, एकट्यानं, कोणाचा हात न धरता. बाकी सगळे दोरीच्या मागे. तो पलीकडे पोचला की झेंडी पडते आणि मग पळणारे सुटतात. पलीकडे तिथल्या गावच्या बाया उभ्या असतात. त्या पेशंटला ओवाळतात, आणि आजारी माणूस म्हणून त्याच्या हातात शहाळं देतात. शहाळी आमच्याकडे पिकत नाहीत, ट्रकनं येतात, महाग पडतात. तरी त्या गावच्या बाया आपसात गोळा करून आणतात. आधीचे पेशंट दुसऱ्या दुखण्यांचे होते, त्यांना चालून गेलं.

त्या वर्षी सर आमच्या मळ्यात आले. म्हणाले, "भाऊ, यंदा पूल तुमी चालायचा." यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजारपण सुरू झाल्यापासून बघितलं नव्हतं. फावडं खाली टाकलं आणि चिखलाचे हात पाठीला पुसले. "मी?"

मी म्हटलं, "सर, यायचे पाय पाहा. बोट दाबलं त खड्डा पडते."

"वहिनी, पूल काही फार लांब नाही."

"लांबीचं नाही बोलून राह्यली मी. पलीकडे शहाळी वाटतेत. यायले शहाळं म्हणजे जहर आहे. तुमी पलीकडे सांगसान का?"

"सांगतो ना. काळजीच करू नका."

"फोन करसान?"

"करतो, वहिनी!"

सर गेल्यावर आमचं चांगलंच भांडण झालं. मी म्हटलं, जायचं नाही. हे म्हणाले, "अव, लोकं मले पाह्यतेत अन् च्च् च्च् करतेत. एकडाव मले चालून त दाखवू दे." मी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी यांचा पांढरा शर्ट धुवून, नीळ घालून वाळत टाकला.

रविवारी थंडी मरणाची होती. ढोल-ताशे, टी-शर्ट घातलेली पोरं, माइकवर कोणीतरी घसा फोडून बोलतंय. मशीनचा दिवस सोमवार, म्हणजे अंगात आधीच दोन-तीन दिवसांचं साचलेलं. मी दोरीशी उभी. शेवटचं सांगितलं, "काही घ्याचं नाही. तीर्थसुद्धा नाही." हे म्हणाले, "हो व बाप्पा, हो!" आणि निघाले.

फार हळू चालले. अर्ध्यात थांबले, कठड्याला हात लावून खाली पाण्याकडे बघितलं. मला वाटलं आता बसतात. मी दोरीखालून वाकले तर एका पोरानं अडवलं. "काकू, रीत आहे, एकट्यानंच." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात हे पुन्हा चालू लागले. लोकांनी टाळ्या सुरू केल्या, आणि त्या टाळ्या यांच्याबरोबर पुढे पुढे गेल्या. पलीकडे बायांनी गराडा घातला. मग मला पांढरा शर्ट दिसेना. झेंडी पडली आणि पोरांचा लोंढा सुटला, मी त्यात ढकलली जात जात, शिव्या देत, पूल ओलांडला.

पोचले तर हे कुंकू लावून उभे. तोंड पुसत होते. पायाशी कापलेली शहाळी पडलेली.

"काय पेले?"

"काही नाही."

"खरं सांगा!"

"तीर्थ देल्लं त्यायनं. चमचाभर."

ओठ ओले होते. मी बघितलं, आणि माझ्या मनात आलं की थंडीत जीभ फिरवली असेल. मग यांना शाल दिली, माइक दिला. यांनी भाषण केलं: "मी ओलिताचा माणूस. मले बोलता येत नाही. पूल चांगला आहे." एवढंच. लोक हसले, परत टाळ्या. मी पण वाजवल्या. मला अभिमान वाटत होता. कशाला खोटं बोलू?

दुपारी घरी आल्यावर म्हणाले, पाय जड झाले. म्हटलं, चालले किती, होणारच. मग म्हणाले, ओठाला मुंग्या येऊन राह्यल्या. मग हातातली वाटी पडली. मी फोन केला, गाडी लगेच आली, आणि आम्ही त्याच पुलावरून निघालो. कठड्याला अजून झेंडूच्या माळा होत्या. यांचं डोकं माझ्या मांडीवर. मी डावा हात धरून ठेवला होता, तळव्याखाली घरघर चालू होती. वाशीमला पोचेपर्यंत चालू होती. आत नेलं, मशीनची तयारी करू लागले, आणि मी हात धरलेला असतानाच ती थांबली. डॉक्टरांनी छाती दाबली, सुया दिल्या. मी हात सोडला नाही, मला वाटत होतं पुन्हा लागेल.

नंतर डॉक्टरांनी विचारलं, "पोटॅशियम भयंकर चढलं होतं. काय खाल्लं-प्यायलं?" मी म्हटलं, "तीर्थ."

खरं काय ते मला दहाव्याच्या आधी कळलं. भेटायला आलेल्या बायांकडून, आणि तेही कौतुकानं! एक म्हणाली, "पण भाग्याचा माणूस गेला व. त्या आजीनं सोताच्या हातानं शहाळं पाजलं त्याले. आम्ही पाह्यलं ना. आखरीचं पाणी असं भेटाले पुण्य लागते." सगळ्या माना डोलावू लागल्या. मी उठले आणि त्या बाईला हाताला धरून घराबाहेर काढलं. सुतकातलं घर, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

ती आजी कोण, ते मला ठाऊक होतं. पुलाच्या त्या टोकाला पहिलंच घर तिचं. एकटी राहते. दौडीच्या दिवशी कोयता घेऊन शहाळी सोलायला तीच बसते.

वर्षभर मी काय केलं असेल तर राग. दुसरं काही केल्याचं आठवत नाही. पुलापलीकडचा माणूस बाजारात दिसला की मी पालकावर गोणपाट टाकायचे. "संपला." "अव, दिसून राह्यला ना." "दिसते, पण तुमच्यासाठी संपला." सरांना तर मी रस्त्यात उभं केलं. "फोन केला होता का?" ते म्हणाले, "केला होता, वहिनी, देवाशपथ." मी म्हटलं, "देवाले कायले मधात आणता?" आणि थुंकले. शिकलेल्या माणसासमोर थुंकले. ओलिताला गडी लावला, तो वाफे फोडून ठेवायचा आणि पाणी भलतीकडेच जायचं. मी बांधावर बसून त्यालाही शिव्या द्यायचे. खरं म्हणजे बांधावर बसायचं आता काही कारण नव्हतं. कोणाच्या गळ्याकडे बघायचं नव्हतं.

पुढची संक्रांत आली. सर दारात येऊन उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, यंदाची दौड भाऊंच्या नावानं करतो, टी-शर्टवर त्यांचा फोटो छापतो, झेंडी तुम्ही दाखवा. मी म्हटलं, "फोटोले घाम येईन ना सर, पोरं पळतीन त." मग मी विचारलं, "पेशंट कोण?"

त्यांनी सांगितलं. कॉलेजातली एक पोरगी. मी तिला ओळखत होते. गाडीत ती यांच्या शेजारी बसायची. दोघं मिळून मला चिडवायचे, मी खिडकीतून पथ्याचं बजावू लागले की ती म्हणायची, "काका, काकू चालू झाल्या." तिची आई मजुरीला बाहेरगावी जाते, ऊसतोडीला. पोरगी मावशीकडे राहते.

"शहाळी बंद करा," मी म्हटलं.

"वहिनी, मी सांगतो त्यांना यंदाही. पण ती माणसं प्रेमानं आणतात. आणूच नका असं कसं म्हणू?"

"तुमी नका म्हणू. मी म्हणते."

झेंडीला मी गेलेच नाही. दौडीच्या दिवशी उजाडता उजाडता मी एकटीच पूल ओलांडून पलीकडे गेले. वर्षात पहिल्यांदा. धुकं होतं, खाली पाणी दिसत नव्हतं. ठरवून गेले होते: शहाळ्यांचा ढीग लाथेनं नदीत ढकलायचा, आणि त्या म्हातारीला चार लोकांत सांगायचं, तिनं काय केलं ते.

म्हातारी रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बसलेली. पुढ्यात शहाळी, मांडीशी कोयता. मला बघून डोळे बारीक केले. "तू त्या मळेवाल्याची घरवाली ना व? ये, बस माय. मले यायचं होतं तुह्याकडे, पण गुडघे चालू देत नाहीत." आणि माझा हात ओढून मला खाली बसवायला लागली.

मी बसले नाही. म्हटलं, "आजी, आज जे पोरगी येऊन राह्यली, तिले शहाळं द्याचं नाही."

"काहून व? आजारी लेकरू आहे."

"जहर आहे तिले. किडनीवाल्याले नारळपाणी म्हणजे जहर." आणि मग थांबता येईना. आजूबाजूला बाया आरतीची ताटं घेऊन जमल्या होत्या, मला तेच हवं होतं. "माह्या माणसाले तुमी पाजलं. तुमच्या हातानं. त्याच दिवशी गेला तो. पुण्य नाही लागलं तुमाले. तुमी त्याले मारलं."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. हातातला कोयता तिनं हळूच खाली ठेवला. मी वर्षभर या क्षणाची वाट बघितली होती. आता तिनं रडावं, नाहीतर भांडावं, दोन्हींची माझी तयारी होती.

"म्या?" ती म्हणाली. तिनं पुढ्यातलं शहाळं बाजूला सारलं. मग म्हणाली, "सरचा फोन आलता. याले शहाळं देऊ नका म्हणे. म्या नव्हतं देल्लं व. माह्यापुढून त्याले ओवाळून नेलं, म्या हात मांगं घेतला. तोच वापस आला. माह्यापुढे बसला असा, अन् म्हणे, 'दे व माय.'"

मी खाली बसले.

"म्या म्हणलं, 'बाबू, तुले चालत नाही म्हणतेत.' तो म्हणे, 'चालत त नाही. पण दे.' मले वाटलं थंडं असते, खोकला होत असन. म्हणलं, घोटभर पे. त्यानं तोंडाले लावलं अन् डोळे मिटले. श्वाससुद्धा नाही घेतला मधात."

"मंग?"

"मंग दुसरं मांगतलं."

"अन् तुमी देल्लं."

"देल्लं. इतकी तहान म्या कोणाची पाह्यली नव्हती, बाई. पेणाऱ्याचा हात कसा धरू?" तिचा आवाज आता फुटला. "म्हणे, 'माह्या बायकोले सांगू नको. तिनं लय जपलं मले.' शपथ घातली. म्हणून म्या कोणाले बोल्ली नाही."

मला यांचा असा राग आला, असा राग आला, की यांच्या जिवंतपणी कधी आला नसेल. सगळं ठाऊक होतं या माणसाला. माझ्यामागे उभं राहून त्या पथ्यवाल्या बाईचं ऐकलं होतं, हृदय बंद पडतं, सांगून नाही पडत. तरी बसले आणि मागून घेतलं. आणि दुसरं मागितलं. मी पुलाकडे तोंड करून, सगळ्या बायांदेखत, मोठ्यानं ओरडले, "झालं का समाधान? पेले ना पोटभर? अन् माह्याशी खोटं बोल्ले! चमचाभर म्हणे!" आणि मग जे रडायला आलं ते दहाव्यालाही आलं नव्हतं. म्हातारीनं माझी पाठ धरली. तिचे हात शहाळ्याच्या चिकानं चिकट होते. मी ते झटकले नाहीत.

आमच्या गावाकडून टाळ्या ऐकू आल्या. धुक्यातून पोरगी येत होती, एकटी, नवा टी-शर्ट घातलेली, त्यावर यांचा फोटो. मधे थांबत होती, पुन्हा चालत होती. म्हातारीनं डोळे पुसले आणि अंगाखालचं गोणपाट ओढून शहाळ्यांवर टाकलं. बायांनी पोरीला ओवाळलं, कुंकू लावलं. ती मला बघून हसली आणि सरळ माझ्याकडे आली. मी तिचा हात धरला. डावा. घरघर लागत होती.

तिचे ओठ फुटलेले होते. तिनं गोणपाटाकडे बघितलं. कडेनं एक शहाळं उघडं राहिलं होतं, सोललेलं, पांढरं.

"काकू," ती हळू म्हणाली, "एक घोट. एकच. कोणाले सांगू नका."

मी म्हटलं, "नाही."

"काकू, जीव चालला व तहानेनं."

"नाही," मी म्हटलं, आणि तिचा हात सोडला नाही.